स्वतःचा सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवताय? आधी वीज मोजा

एखादी वेबसाइट चालवायची असेल तर व्हीपीएस (दुसऱ्याच्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा हिस्सा) घ्या, या भानगडीत पडू नका. भरपूर स्टोरेज किंवा कायम राबणारे प्रोसेसर लागत असतील तरच कोलोकेशन, म्हणजे स्वतःचं मशीन भाड्याच्या जागेत ठेवणं, परवडतं.

जागेवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. सर्व्हरच्या कपाटातली, म्हणजे रॅकमधली जागा ‘यू’मध्ये मोजतात: 1 यू म्हणजे 44.45 मिमी उंची, पूर्ण रॅक साधारण 42 यू. एकच मशीन असेल तर 1 यू पुरे.

खरा खर्च विजेचा. पॉवर सप्लायवर छापलेले 750 वॅट ही त्याची कमाल क्षमता, मशीनची भूक नव्हे. त्या आकड्यावर कोटेशन मागितलंत तर 230 व्होल्टला सव्वातीन अँप गळ्यात पडतील. घरीच प्लगला वॉटमीटर लावा, सगळे कोर आणि डिस्क अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा आणि तो आकडा लिहून घ्या. मशीन नुसतं सुरू ठेवून घेतलेलं रीडिंग फसवं असतं. वर 20 टक्के धरा.

दर ठरावीक अँपचा की मीटरचा, हे करारात लिहून घ्या. मीटरचा असेल तर एसीचा गुणक, म्हणजे थंडाव्याच्या विजेसाठी तुमचं रीडिंग कितीने गुणतात, ते विचारा: सतत 200 वॅट म्हणजे 30 दिवसांत 144 युनिट, पण 1.6 गुणकाने बिल 230 युनिटचं येतं.

अख्खा रॅक घेणारे हमखास फसतात ते ए-बी फीडमध्ये, म्हणजे एक गेली तर दुसरी असावी म्हणून दिलेल्या दोन वीजजोडण्यांमध्ये. दोन्ही फीड 16 अँपचे, प्रत्येकावर 10 अँप. सगळं आलबेल दिसतं. एक फीड गेला की 20 अँप दुसऱ्यावर येतात, एमसीबी पडू शकतो आणि रॅक अंधारात. दोन्ही फीडची बेरीज एका फीडच्या 80 टक्क्यांत, म्हणजे 12.8 अँपमध्ये बसवा. ‘दोन फीड म्हणजे दुप्पट वीज’ सांगणाऱ्या सेल्सवाल्याला दारातूनच परत पाठवा.

बँडविड्थ बहुधा 95 पर्सेंटाइलवर मोजतात. दर पाच मिनिटांनी वेगाचं एक रीडिंग, 30 दिवसांची 8640. त्यातली सर्वांत वरची 5 टक्के, 432, म्हणजे 36 तास, माफ; उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या रीडिंगवर बिल. रोज तासभराचा बॅकअप महिन्याला 30 तास, म्हणजे माफीत बसतो. तोच दीड तास चालला की 45 तास होतात आणि अख्ख्या महिन्याचं बिल बॅकअपच्या वेगाने लागतं.

स्लॅश 29 (/29) या आयपी पत्त्यांच्या गटात पत्ते आठ, पण गेटवे वगैरे वजा जाता हाती जास्तीत जास्त पाच.

आयपीएमआय पोर्ट (मशीन दुरून चालू-बंद करायची सोय) व्हीपीएनमागेच, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणीमागेच ठेवा, पब्लिक आयपीवर कधीच नको. तो चालत नसेल तर साध्या रीस्टार्टसाठीही रिमोट हँड्सचे, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याने हात लावण्याचे, पैसे मोजावे लागू शकतात. पुण्यात राहून नवी मुंबईत महापे-रबाळेत मशीन ठेवणार असाल तर एक जादा डिस्क आधीच बसवून पाठवा. आणि कोटेशनमधल्या प्रत्येक आकड्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.