थंड प्रदेशातलं ऊर्जा प्रशिक्षण केंद्र: लोक पाठीशी हवे असतील तर या चुका टाळा

जानेवारीतली सकाळ. बाहेर उणे १८ अंश, दारापर्यंत गुडघाभर बर्फ, आणि आमच्या केंद्राच्या हॉलमध्ये आसपासची तीसेक माणसं ओल्या बुटांनी उभी. सौर पॅनेलवर लख्ख ऊन होतं, पण बॅटरीत वीज काही जाईना. आम्ही प्रशिक्षक एकमेकांची तोंडं बघत होतो. शेवटी कुणीतरी म्हणालं, "किरकोळ तांत्रिक अडचण आहे," आणि घाईघाईने भिंतीवर फोटो दाखवायला सुरुवात झाली. मागे उभ्या असलेल्या एका वयस्कर जनरेटर मेकॅनिकने फक्त एवढंच विचारलं, "बॅटरीची खोली गरम आहे का?"

नव्हती. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की आत लिथियमचा थर साचतो आणि ती कायमची खराब होऊ शकते. म्हणून तिच्यातली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, चार्जिंग अडवून धरते. म्हणजे यंत्र आपलं काम चोख करत होतं आणि हेच लोकांना समजावून सांगायची ती उत्तम संधी होती. आम्ही ती घालवली. पुढच्या कार्यक्रमाला त्या तिसातले सहाजण आले.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. थंड प्रदेशात अशा केंद्राला लोकांचा आधार हिवाळ्यात मिळतो आणि हिवाळ्यातच तो जातो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत किंवा जवळून पाहिल्या आहेत.

उन्हाळ्याचे आकडे दाखवून हिवाळ्याची आशा लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माहितीपत्रकावर वर्षाची एकूण युनिटं छापायची आणि खाली हसऱ्या कुटुंबाचं चित्र. आकडा खोटा नसतो, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात डिसेंबरचं बिल असतं. ६० अंश अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम साडेसहा अंश वर येतो. समोर टेकडी किंवा झाडांची रांग असेल तर तेवढाही दिसत नाही. पहिल्या हिवाळ्यात हे कळलं की माणूस पॅनेलवर चिडत नाही, तो केंद्रावर चिडतो. आणि त्याचं बरोबरच असतं.

उपाय सोपा आहे: वर्षाचा आकडा बाजूला ठेवा, महिन्यावार तक्ता लावा आणि बोलायला डिसेंबरपासून सुरुवात करा. त्या महिन्यात घराची किती गरज सूर्यावर भागेल, किती वाऱ्यावर, किती लाकडावर किंवा ग्रिडवर, हे घराच्या मालकाबरोबर बसून लिहून काढा. एकदा वाईट बातमी आपल्या तोंडून गेली की चांगली बातमीही लोक मनापासून ऐकतात. आणि थंडीच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. गारठ्यात पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो, त्यामुळे हिवाळा सरताना, दिवस मोठे होऊ लागले आणि जमीन अजून पांढरी असली की उभट बसवलेली पॅनेल अपेक्षेपेक्षा जास्त देतात. उणे २० अंशाची हवा १५ अंशाच्या हवेपेक्षा साधारण १४ टक्के दाट असते, म्हणजे त्याच वेगाच्या वाऱ्यात तेवढीच जास्त ताकद. अर्थात पात्यांवर बर्फ धरला तर हा फायदा मातीमोल होतो, तेही त्याच दमात सांगा.

शिकाऊंचा सराव लोकांच्या छपरावर, आणि मग रामराम

प्रशिक्षणार्थींना खऱ्या घरांवर काम करायला मिळालंच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण तुकडी पास होऊन निघून जाते आणि घर तिथेच राहतं. बिघाड होतो तो फेब्रुवारीच्या एखाद्या रात्री, आणि घरमालकाकडे ज्याचा नंबर असतो तो मुलगा तोवर भलत्याच शहरात नोकरीला लागलेला असतो.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. एका घरावर एका ओळीत ११ पॅनेल जोडली होती. प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे कुणी वीज ओढत नसतानाचं व्होल्टेज, ५०; एकूण ५५०. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट. कागदावर सगळं व्यवस्थित. पण पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंशाचा असतो आणि पारा दर अंशाने उतरला की व्होल्टेज साधारण ०.३ टक्क्याने चढतं. उणे २५ च्या सकाळी ५० अंशांचा फरक पडला, म्हणजे १५ टक्के वाढ. ५५० चे ६३२ झाले. सूर्य उगवला, पॅनेल थंडगार होती, इन्व्हर्टर अजून लोड घेत नव्हता, आणि तेवढ्यात तो जळाला. सप्टेंबरात जोडणी तपासून सही करणाऱ्याला काहीच चुकीचं दिसलं नव्हतं, कारण सप्टेंबरात काही चुकीचं नव्हतंच.

त्या घरामुळे शेजारची चार घरं केंद्रापासून तुटली. म्हणून आता माझा आग्रह असतो: केंद्राने हात लावलेल्या प्रत्येक घराची नोंदवही ठेवा, तिथल्या नोंदलेल्या सर्वात कमी तापमानावर व्होल्टेजचा हिशोब करा, आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत न बोलावता एक फेरी मारा. दुरुस्तीची जबाबदारी नेमक्या कोणाची, हे काम सुरू करण्याआधी लिहून द्या. सुटे भाग केंद्रातच असू द्या. बर्फाने रस्ता बंद झाल्यावर मागवलेला फ्यूज उन्हाळ्यातच पोहोचतो.

जुन्या कारागिरांना प्रतिस्पर्धी समजणं

बॉयलर दुरुस्त करणारे, धुराडी साफ करणारे, जनरेटर चालवणारे, प्लंबर. हिवाळ्यात रात्री-अपरात्री लोक यांनाच फोन करतात आणि यांच्याच शब्दावर विश्वास ठेवतात. केंद्र आलं की आपलं पोट जाणार अशी धास्ती त्यांना वाटली, तर ते उघड विरोध करणार नाहीत. कुणी विचारलं तर फक्त मान हलवतील. तेवढ्याने काम भागतं.

त्यांना विद्यार्थी म्हणून बोलावण्याआधी शिकवायला बोलावा. पाइप कुठे गोठतो, कोणत्या घराची कोणती भिंत गळते, स्वस्तातली प्लॅस्टिक आवरणाची वायर गारठ्यात वाकवली की कशी तडकते, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमच्या त्या मेकॅनिकने एका दुपारी शिकवलेलं मला अजून आठवतं: लेड ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० लाही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठून फुटते. त्याने फुटलेलं एक खोकं सोबत आणलं होतं. मुलं ते हातात घेऊन बराच वेळ बघत होती.

ठरवून झाल्यावर मत विचारणं

आराखडा तयार, जागा ठरलेली, निधी आलेला, आणि मग सभा बोलवायची. अशा सभेत लोक गप्प बसतात आणि आपण त्याला संमती समजतो.

डेन्मार्कच्या साम्सो बेटाची गोष्ट याच्या उलट आहे. १९९७ साली ते बेट देशाचं नवीकरणीय ऊर्जा बेट म्हणून निवडलं गेलं. जमिनीवरच्या ११ पवनचक्क्या २००० साली उभ्या राहिल्या, समुद्रातल्या १० चक्क्या २००३ मध्ये. त्यातल्या अनेक चक्क्यांमध्ये तिथल्याच शेतकऱ्यांचे आणि रहिवाशांचे पैसे आहेत. सोरेन हर्मनसेन हा तिथलाच शिक्षक, त्याने वर्षानुवर्षं लोकांशी बोलण्याचं काम केलं. बेटावरची एनर्जी अकॅडमी उघडली २००७ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी लोकांचा वाटा, मग शिकवणारी इमारत.

आणि आधार म्हणजे फक्त देणगी असं धरून चालू नका. "मदत करा" म्हटलं की लोक खिसा चाचपतात आणि मागे सरतात. "मंगळवारी सकाळी दारातला बर्फ कोण काढेल", "दोन विद्यार्थ्यांना तीन आठवडे कोण ठेवून घेईल", "रिकामी शेड कोणाकडे आहे" असं विचारलं की हात वर होतात. हिशोब मात्र दारावर लावा, न मागता.

केंद्राचीच इमारत गळकी

आत सौरऊर्जेचा वर्ग आणि मागे दिवसभर धडधडणारा डिझेल बॉयलर. लोकांना हे दिसतं. लडाखमध्ये फे गावाजवळ सेकमॉल या १९८८ साली सुरू झालेल्या संस्थेचा परिसर आहे; मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे मोठ्या काचा, आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना आतल्या खोल्या उन्हावर उबदार राहतात. परिसर चालवतात तिथलेच विद्यार्थी. अशा इमारतीत आलेल्या माणसाला वेगळं पटवावं लागत नाही, तो कोट काढतो.

इतकी चांगली इमारत बांधता आली नाही तरी फटी बुजवता येतात. लोकांसाठी पहिली कार्यशाळा पॅनेलची नको, झडपा आणि दारांच्या फटी, छताचं इन्सुलेशन यांची ठेवा. खर्च कमी, आणि फरक त्याच रात्री कळतो.

छोट्या, पण नडणाऱ्या गोष्टी

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो; त्याचं बाहेरचं युनिट डिफ्रॉस्ट होताना, म्हणजे अंगावर साचलेला बर्फ वितळवताना, पांढऱ्या वाफेचा लोट निघतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी आग लागली म्हणून धावत येतं. सौर वॉटर हीटरमध्ये ग्लायकोलचं, म्हणजे सहजी न गोठणारं, मिश्रण न भरता साधं पाणी ठेवून पहिल्या हिवाळ्यात पाइप फोडून घेऊ नका. बांधकामाचा हंगाम छोटा असतो, त्यामुळे उन्हाळ्यात वर्ग ठेवले तर ज्यांनी यायला हवं ते सगळे कामावर असतात.

गर्दी ओसरली असेल तर

पहिल्या हिवाळ्यानंतर उपस्थिती घटली, तर जाहिरात वाढवण्याआधी नोंदवही उघडा आणि कोणतं घर बंद पडलंय ते शोधा. बहुतेक वेळा एखादं सापडतंच. लोक मुलांना शिकायला पाठवतात पण स्वतःच्या घरी काही बसवत नाहीत, असं असेल तर दुरुस्तीची खात्री वाटत नाही असं समजा. सभेत सगळे हो म्हणतात आणि नंतर कुणी फिरकत नाही, तर जुन्या कारागिरांपैकी कोणाकडे तरी जाऊन बसा आणि ऐका.

आम्ही त्या सहाजणांना पुन्हा बोलावलं, मेकॅनिकलाही. बॅटरीची खोली आतून इन्सुलेट केली, छोटा हीटर बसवला, आणि एक थर्मामीटर दाराच्या काचेवर बाहेरून वाचता येईल असा लावला. आता येणारी माणसं हॉलमध्ये शिरण्याआधी त्या काचेपाशी थांबतात. आकडा शून्याच्या वर आहे ना, बघतात, आणि मग बूट झटकून आत येतात.