‘येस येस’ म्हणण्याआधी: यूकेत नर्सिंगला नवीन आलेल्यांसाठी

परवा आमच्या वॉर्डात दोन नव्या नर्सेस आल्या, त्यातली एक आपली मराठी. इन-चार्ज सिस्टर जाता जाता तिला काहीतरी बोलली, हिने मान डोलावली, ‘येस येस’ म्हणाली, आणि सिस्टरची पाठ वळल्यावर माझ्यापाशी येऊन हळूच, ‘ताई, काय म्हणाली हो ती?’ आठ वर्षांपूर्वी यॉर्कशायरमध्ये आले तेव्हा मीही अगदी हेच करत होते, त्यामुळे हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. म्हणून लिहितेय.

ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा, तिच्या लिसनिंगमध्ये बी ग्रेड आला, म्हणजे ३५० किंवा वर मार्क, एनएमसीची (इथल्या नर्सिंग नोंदणी संस्थेची) लिसनिंगची अट पूर्ण, छान. पण त्या ४२ प्रश्नांचं काय असतं, कानाला स्वच्छ आवाज, समोर छापलेला कागद, कुठल्या जागी काय भरायचंय ते आधीच दिसतंय. इथे एकीकडे पंप बोंबलतोय, दुसरीकडे कोणीतरी कमोड मागतंय, आणि डॉक्टर तुमच्याकडे न बघता चालत चालत बोलतोय. शिवाय परीक्षेत ऑडिओ एकदाच ऐकवतात, परत विचारायची सोय नाही, नाही कळलं तर अंदाजाने जागा भरायची. ही अंदाजाने भरायची सवय विमानतळावरच टाकून या. इथे परत विचारता येतं, विचारायचंच असतं.

माझंच सांगते. नोकरीला तीन महिने झालेले, सकाळची वेळ, डॉक्टर माझ्या बाजूने जाता जाता म्हणाला की बेड चारच्या आजी ब्रेकफास्ट घेऊ शकतात. म्हणजे मी तसं ऐकलं. तो म्हणाला होता ‘कान्ट’. मला आयुष्यभर माहीत होतं की ‘कान्ट’मध्ये शेवटी ट असतो, मी त्या ट ची वाट बघत राहिले आणि ट आलाच नाही, इथे तो अर्धा गिळतात. मी आजींना टोस्ट दिला, चहा दिला, वर जॅम पण लावून दिला. दहा वाजता एंडोस्कोपीवाले न्यायला आले. पोटात अन्न, झालं, कॅन्सल, दुसऱ्या दिवशीवर गेलं. आजी आदल्या रात्रीपासून घाबरून बसलेल्या, त्यांना आणखी एक रात्र काढावी लागली, मुलगी दोन तास गाडी चालवून आलेली. इन्सिडेंट फॉर्म भरला, कोणी ओरडलं नाही, पण आजी मलाच म्हणाल्या ‘नेव्हर माइंड, लव्ह’, ते जास्त लागलं.

तर ट वर जाऊ नका, त्याच्या आधीचा स्वर ऐका. घाईत, पुसट ‘कन’ आलं तर बहुतेक हो, लांब आणि ठळक ‘का...’ आलं तर नाही. आणि शंका आली की ज्याचं उत्तर नुसतं येस देता येणार नाही असा प्रश्न विचारा: ‘इज शी ईटिंग, ऑर निल बाय माउथ?’ (निल बाय माउथ म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही.) ‘शी कॅन ईट, येस?’ असं विचारलंत तर तो न ऐकताच येस म्हणेल आणि तुम्ही परत तिथेच.

मान डोलावणं पण बंद करा. आपली ती आडवी मान इथे कोणाला हो वाटते, कोणाला नाही, आणि बहुतेकांना ‘हिला कळलं’ असंच वाटतं.

आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी. क्लासमध्ये शिकवतात की फिफ्टीनमध्ये जोर शेवटी असतो, पण पुढे ‘एमएल’ वगैरे शब्द आला की तो जोर सुरुवातीला सरकतो आणि दोन्ही सारखेच ऐकू येतात. त्यामुळे सरळ ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?’ म्हणा, इथलेही तसंच विचारतात, कोणी हसत नाही. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, साडेसहा नाही, आमच्याकडे लाँग डे, म्हणजे दिवसाची लांब शिफ्ट, हाफ सेव्हनला सुरू होतो आणि एक मुलगी पहिल्या दिवशी साडेसहाला येऊन थंडीत उभी होती. (आणि हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देणं, त्याच्या शीटवर घाईत मराठी आकडे लिहू नका. आपला ४ म्हणजे यांचा आठ.)

औषधांची नावं पण तशीच, प्रोप्रॅनोलॉल आणि प्रेडनिसोलोन फोनवर भराभर म्हणून बघा. स्पेलिंग विचारा.

फोन सगळ्यात वाईट, कारण ओठ दिसत नाहीत. लॅबमधून पोटॅशियम सांगायला फोन आला की नवीन मुली एकदम बाथरूमला गायब होतात, मी पण व्हायचे. उलट करा, सुपरन्यूमररी असताना, म्हणजे तुम्हाला स्टाफच्या संख्येत धरत नाहीत ते सुरुवातीचे दिवस, मुद्दाम फोन उचला, शेजारी कोणीतरी असेल तेव्हाच. वाक्य एकच पाठ करा, ‘बिफोर यू गो, कॅन आय रीड दॅट बॅक?’ पेशंटचं नाव, जन्मतारीख, आकडा, सगळं परत वाचून दाखवायचं. समोरचा घाईत असला तरी थांबतो.

हँडओव्हर मात्र वाटतो तेवढा अवघड नाही, कारण त्याला साचा असतो. एसबीएआर म्हणजे आधी आत्ता काय झालंय, मग मागचं, मग काय वाटतंय, मग काय करायचं. पुढे काय येणार ते माहीत असलं की कानाला अर्धं काम उरतं. ‘शीज न्यूजिंग अ सेव्हन’ ऐकून मी टीव्हीकडे बघितलं होतं. न्यूज म्हणजे पेशंटची तब्येत बिघडतेय का ते सांगणारा अर्ली वॉर्निंग स्कोअर, पाचला अर्जंट, सात किंवा वर म्हणजे इमर्जन्सी, बातम्या नाहीत.

आता पेशंट. हे कुठल्याच क्लासमध्ये नसतं. ‘आय हॅव बीन सिक’ म्हणजे आजारी होतो नाही, उलटी झाली. ‘आय ॲम गोइंग टू बी सिक’ म्हणाले की सहानुभूती नंतर, आधी बाउल आणा. ‘हॅव यू बीन?’ असं एचसीए, म्हणजे हेल्थकेअर असिस्टंट, पेशंटला विचारते तेव्हा ते शौचाबद्दल असतं, मला वाटायचं कुठे फिरायला गेले होते का. वॉटरवर्क्स म्हणजे लघवी. आणि उत्तरेकडे ‘मी टी’ म्हणजे ‘माय टी’, आणि टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. आजोबा म्हणाले की गोळी ‘विथ मी टी’ घेतो, तर चहाबरोबर असं लिहू नका, त्यांच्या गोळीची वेळच बदलेल. डिनर अनेकांचं दुपारी असतं. न्यूकॅसलकडे ‘पेट’, नॉटिंगहॅम-डर्बीकडे ‘मी डक’, आमच्याकडे ‘लव्ह’, ही फक्त हाक आहे, त्यावर डोकं चालवू नका.

आणि एखाद्या आजोबांचं काहीच कळत नसेल तर ॲक्सेंटला दोष द्यायच्या आधी बघा की कवळी तोंडात आहे की डबीत, हिअरिंग एडची बॅटरी चालू आहे का. दोन्ही बसवा, इंग्रजी एकदम सुधारतं. त्यांचं.

सरावाला पॉडकास्ट वगैरे सांगतात, ते बोलणारे फार नीट बोलतात. मी सांगते तुमच्या भागाचं लोकल बीबीसी रेडिओ लावा, लीड्स असेल, शेफील्ड असेल, सकाळी लोक फोन करून खड्डे, बस, कचरापेटी यावर तक्रारी करतात. फोन करणारे बरेचदा तुमच्या पेशंटच्याच वयाचे, त्याच भाषेचे, आणि चिडलेले. एक मिनिटाचा तुकडा घ्या, एकदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा लिहा, मग थांबवत थांबवत बघा काय सुटलं. मोठे शब्द सुटत नाहीत हो, सुटतात ते ‘हॅजन्ट’, ‘युज्ड टू’, ‘शुडन्ट हॅव’, आणि सगळा अर्थ त्यांच्यातच असतो. मग तोच तुकडा त्यांच्याच वेगात तोंडाने म्हणा. रोज पंधरा मिनिटं. वन फाइव्ह.

पण सरावासाठी हँडओव्हर मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. करू नका. एका मुलीने केलं, घरी जाऊन परत ऐकायला, हेतू चांगलाच होता, पण त्यात पेशंटची नावं, आजार, सगळं. कोणीतरी बघितलं, मॅनेजरने बोलावलं, महिनाभर तिची झोप उडाली. हँडओव्हर शीट पण घरी नेऊ नका, शिफ्ट संपली की कॉन्फिडेन्शियल वेस्टमध्ये टाका, युनिफॉर्मचे खिसे तपासूनच बाहेर पडा. रेकॉर्ड करू नका हे परत लिहितेय कारण दर बॅचला कोणीतरी मला ‘आयडिया’ म्हणून हेच सांगतं.

आपल्या लोकांबद्दल थोडं कडू. चार मराठी मुली एका घरात, एका टेबलावर डबा, रात्री मराठी सीरियल, आणि वर्षभराने ‘इथले लोक आपल्याशी बोलतच नाहीत’. ब्रेकमध्ये आठवड्यातून दोनदा तरी एचसीए आणि क्लीनर बसतात तिथे बसा, पहिले पंधरा दिवस काही कळणार नाही, कुत्र्यांबद्दल आणि बॉयलरबद्दल बोलत असतात. इथले लोक तुटक नाहीत, पण तोंडावर काही बोलत नाहीत एवढं खरं. पेशंट ‘अ बिट सोर’ म्हणाला तर पेन स्कोअर विचारा, दहापैकी आठ निघतो. ‘डोन्ट वॉन्ट टू बी अ बॉदर’ म्हणजे अर्धा तास बेलकडे बघत बसलेत.

आणि परवा सिस्टर त्या मुलीला काय म्हणाली ते राहिलंच. ‘यू माइट वॉन्ट टू पॉप इन ऑन बेड नाइन.’ शब्दाला शब्द धरला तर, वाटलं तर डोकावून ये. मी तिला म्हटलं, अगं, आत्ताच्या आत्ता जा. नऊच्या आजी एक पाय जमिनीवर टेकवून, कॅथेटरची पिशवी हातात घेऊन घरी निघालेल्या.