बक्षिसं नंतर बघा, आधी रिकाम्या तारखा

घोडा बघायला गेलात की विकणारा आधी मोबाईल पुढे करतो. घोड्याला रिबन लावलेली, शेजारी कप धरलेलं पोर. मी फोटो बघते, "छान" म्हणते आणि घोड्याचं पासपोर्टावरचं, म्हणजे त्याच्या ओळखपत्रावरचं नाव विचारते. तबेल्यात सगळेच राजा नाहीतर बादल असतात, शर्यतींच्या आणि स्पर्धांच्या निकालात असतं ते पासपोर्टावरचं नाव. घोडा घेण्याआधी वाचायचे ते हेच निकाल.

नाव मिळालं की मायक्रोचिपचा नंबर आणि अंगावरचे भोवरे पासपोर्टाशी ताडून घ्या. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारात लोक भोवरे बघतात ते शुभ-अशुभासाठी. देवमण नावाचा शुभ भोवरा असला की किंमत चढते. पासपोर्टात तेच भोवरे ओळख पटवायला काढलेले असतात. समोरचा घोडा तोच आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचं वाचन फुकट.

पुण्यात उड्यांसाठी घोडे ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे बहुतेक घोडे रेसकोर्सवरून उतरलेले थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे) असतात, म्हणून सुरुवात रेसच्या निकालांपासून. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. त्यामुळे मे-जूनमध्ये घोडा पळालेला नसेल तर काही बिघडत नाही. पण पुण्याचा अख्खा सीझन गायब असेल तर तिथे पेन्सिलीने गोल करा.

हे मी पैसे घालवून शिकले. एक तांबडा घोडा घेतला होता, पहिल्या चार धावांत दोनदा पहिला आलेला. पुढे फेब्रुवारी ते डिसेंबर काहीच नाही, मग दोनदा पळून दोन्ही वेळा शेवटून दुसरा. मला दिसले ते दोन पहिले नंबर. दहा महिन्यांची पोकळी समोर छापलेली होती, मी विचारलंसुद्धा नाही. सहा आठवडे काम दिलं आणि एका सकाळी डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागून हात फिरवला, तर मधोमध केळ्यासारखा फुगवटा, हाताला कोमट. सोनोग्राफीत टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची, जुनी इजा निघाली. पुढचं वर्षभर मी त्याला हातात धरून चालवत होते.

उलट चाळीस धावा झालेल्या घोड्याला लोक "पिळून काढलाय" म्हणून नाकारतात. मी अशा घोड्याकडे आधी जाते. पाच वर्षं, दर महिन्या-दीड महिन्याला एक धाव आणि मोठा खंड नाही, म्हणजे पाय कसे आहेत ते त्या कागदानेच सांगितलं. तो कधी जिंकला नाही याच्याशी मला काय करायचंय? मला त्याच्याकडून ९० सेंटिमीटरची उडी हवी आहे. फक्त नाकातून रक्त आल्याची नोंद आहे का, शर्यत सुटते त्या गेटमध्ये उभं राहायला त्रास देत होता का, हे स्ट्युअर्ड्सच्या (शर्यतीच्या पंचांच्या) अहवालात बघून घ्या. गेटमध्ये घाबरणारा घोडा बऱ्याचदा ट्रकमध्ये चढतानाही नखरे करतो.

उड्यांच्या किंवा इव्हेंटिंगच्या घोड्याचा निकाल वेगळ्या पद्धतीने वाचायचा. इव्हेंटिंग म्हणजे ड्रेसाज (ठरलेल्या चाली करून दाखवणं), क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदानातले पक्के अडथळे) आणि उड्या, तिन्हींची बेरीज. सवय लावायला भारताचा रायडर फवाद मिर्झा आणि त्याचा घोडा सेन्यॉर मेडिकॉट ही जोडी घ्या. जकार्तात, २०१८च्या एशियाडमध्ये ड्रेसाजनंतर त्यांचे २२.४० गुण होते. इव्हेंटिंगमध्ये हे दंडाचे गुण, जितके कमी तितके बरे. १०० मधून टक्केवारी वजा केली की हा आकडा येतो. क्रॉस कंट्रीत एकही गुण वाढला नाही. शेवटी उड्यांत अडथळ्याची एक दांडी पडली, चार गुण, २६.४०. सुवर्ण २२.७० वर गेलं, फवादला रौप्य. आता टोकियो ऑलिम्पिक: ड्रेसाज २८.००, क्रॉस कंट्रीत ११.२०. सेकंदाला ०.४ दंड, म्हणजे २८ सेकंद उशीर. एकाही अडथळ्यावर नकार नाही. मग उड्यांत ८, दोन दांड्या. उड्यांच्या अंतिम फेरीत १२.४०: तीन दांड्या आणि एक सेकंद. एकूण ५९.६०, तेविसावा क्रमांक. नुसतं "तेविसावा" वाचलंत तर हातात काही येत नाही. तुकडे पाडले की दिसतं, दोन्ही ठिकाणी क्रॉस कंट्रीत घोडा अडथळ्यांवर स्वच्छ होता आणि दांड्या पडल्या त्या उड्यांत. निदान या दोन कागदांवरून तरी, सरावाचा वेळ कुठे घालायचा ते मला कळतं.

एलिमिनेटेड, रिटायर्ड आणि विथड्रॉन यांची गल्लत करू नका. पहिल्यात नियमाने बाहेर काढलं, दुसऱ्यात रायडरने स्वतः मध्येच थांबवलं, तिसऱ्यात घोडा त्या फेरीला उतरलाच नाही. क्रॉस कंट्रीनंतर शेवटच्या उड्यांआधी वारंवार विथड्रॉन दिसत असेल तर डॉक्टरला बरोबर घेऊनच घोडा बघायला जा. आणि रायडरचा रकाना वाचा. फौजी रायडरखाली १२० सेंटिमीटर स्वच्छ जाणारा घोडा पंधरा वर्षांच्या मुलीखाली ८० ला तीनदा नकार देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती मुलगी माझीच विद्यार्थिनी होती आणि घोडा घ्या म्हणून सांगितलंही मीच होतं.

घोडा घरी आल्यावर हीच नोंद पुढे स्वतः ठेवायची. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे: तारीख, उंची, कितव्या अडथळ्यावर दांडी पडली, व्हर्टिकल (एकाच उभ्या रेषेतला अडथळा) की ऑक्सर (मागेपुढे दांड्यांचा रुंद अडथळा), पुढच्या पायाने की मागच्या, वळण कुठलं, जमीन ओली की कोरडी. गेल्या सीझनला माझ्या घोडीच्या अकरा दांड्या पडल्या. मला वाटायचं, दमते. वही काढली तर अकरापैकी आठ कॉम्बिनेशनच्या, म्हणजे लागोपाठ जवळजवळ मांडलेल्या अडथळ्यांपैकी, दुसऱ्या अडथळ्यावर, ऑक्सरनंतरच्या व्हर्टिकलला, आणि आठही पुढच्या पायाने. म्हणजे दम नाही, ऑक्सरवरून उतरताना ती लांबत होती आणि व्हर्टिकलच्या फार जवळ पोचत होती.

मग दोन महिने उंची वाढवलीच नाही. जमिनीवर तीन-तीन मीटरवर पाच पोल, कँटरमध्ये (मंद दौडीत), मान वर न करता. नंतर छोटा ऑक्सर, कँटरच्या एका पावलाचं अंतर ठेवून व्हर्टिकल, मध्ये जमिनीवर एक पोल. अंतर आधी ७.३ मीटर, मग हळूहळू ७ पर्यंत आणलं. पहिल्या आठवड्यात तिने मधला पोल इतक्यांदा तुडवला की सईस म्हणाला, "ताई, लाकूड तरी जाड आणा."

पुढच्या स्पर्धेत दांडी एकच पडली, पहिल्या अडथळ्यावर, मागच्या पायाने. वहीत तेवढंच लिहून ठेवलंय.