इंग्लंडात दारातली बिन नाहीशी झाली तर

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी कामावरून आले, तर शेजारपाजारच्या बिन्स रिकाम्या होऊन फुटपाथवर आडव्यातिडव्या उभ्या होत्या आणि आमची काळी बिन, म्हणजे साध्या कचऱ्याचा चाकांचा मोठा डबा, कुठेच नव्हती. गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आले. नाहीच. घरात सासूबाई आलेल्या, मुलगी दीड वर्षाची, रोजचे सहा-सात डायपर, आणि काळी बिन आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदाच उचलतात. नवी बिन मिळायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मी कुणाकुणाला फोन केले, काय लिहिलं, कुठे चुकले, ते सगळं इथे मांडते आहे. इकडे नव्याने घर घेतलेल्या, भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

पहिलं काम म्हणजे फॉर्म भरायच्या आधी शोधायचं, आणि तेही त्याच दिवशी. बिनवाले एका वेळी तीन-चार बिन्स ओढत लॉरीपर्यंत नेतात आणि रिकाम्या झाल्यावर जिथे जागा दिसेल तिथे सोडतात. त्यामुळे हरवलेली बिन बहुतेक वेळा चार-पाच घरांच्या आतच असते. दुसऱ्या दिवसापर्यंत ती कुणाच्या तरी मागच्या अंगणात गेलेली असते, आणि मग ती त्यांचीच होऊन बसते. घरं एकमेकांना चिकटून असतील तर मागची बोळही पाहा. शेजाऱ्यांचं दार वाजवताना "तुम्ही आमची बिन नेली का" असं विचारू नका. "आमची बिन चुकून तुमच्याकडे आली आहे का, जरा बघाल का?" असं विचारा. आमच्या पलीकडच्या आजींनी मला स्वतःहून त्यांच्या अंगणात नेऊन दाखवलं होतं.

दुसरं, जिथे बिन ठेवली होती तिथली जमीन नीट बघा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लॉरीच्या मागे दात्यांची एक पट्टी असते. ती बिनच्या वरच्या काठाखाली अडकते, बिन उचलते आणि उलटी करते. बिन जुनी असेल, काठाला चीर गेली असेल, तर काठ तुटतो आणि अख्खी बिन कचऱ्याबरोबर आत पडते. आत पडली की चेपली गेलीच. मला फुटपाथच्या कडेला, गटाराच्या जाळीजवळ, काळ्या प्लास्टिकचा तळहाताएवढा वाकडा तुकडा मिळाला. एका बाजूला काठाची गोल घडी, दुसऱ्या बाजूला ताजी पांढुरकी मोड. त्याच्या शेजारी झाकणाच्या बिजागरीची खिळी. मी दोन्हींचा फोटो काढला आणि तुकडा पिशवीत घालून ठेवला. पुढे सगळं त्या तुकड्यावर फिरलं.

कारण मी पहिला फॉर्म चुकीचा भरला. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर नवी बिन मागताना कारण निवडावं लागतं. मी घाईघाईत "हरवली" निवडलं आणि लगेच ४५ पौंड भरा म्हणून पान उघडलं. आमच्या कौन्सिलमध्ये बिन हरवली किंवा चोरीला गेली तर पैसे, पण उचलताना तुटली किंवा लॉरीत पडली तर फुकट, असा नियम त्याच वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात होता. बऱ्याच कौन्सिलमध्ये असाच फरक करतात. म्हणून आधी तुमच्या कौन्सिलचं बिन बदलून देण्याबद्दलचं पान शेवटपर्यंत वाचा, मग कारण निवडा. खरंच चोरी झाली असेल तर पोलिसांकडे ऑनलाइन किंवा १०१ वर नोंद करून गुन्ह्याचा क्रमांक घ्या. काही ठिकाणी त्यावर पैसे माफ होतात. आणि जे घडलं तेच लिहा, कारण लॉरीवर कॅमेरे असतात आणि ते तपासता येतात.

पैसे मागणं बेकायदा आहे का, असं मला बरेच जण विचारतात. नाही. १९९० च्या एन्व्हायर्न्मेंटल प्रोटेक्शन ॲक्टच्या कलम ४६ प्रमाणे कचरा कोणत्या डब्यात ठेवायचा ते कौन्सिल ठरवू शकते, आणि तो डबा फुकट द्यायचा की पैसे घेऊन, हेही. पण त्याच कायद्याचं कलम ४५ घरगुती कचरा उचलण्याची जबाबदारी कौन्सिलवर टाकतं. तक्रार लिहिताना हे दुसरं कलम उपयोगी पडतं.

बिन येईपर्यंत कचऱ्याचं काय, हा खरा जाच. बिनबाहेर ठेवलेल्या काळ्या पिशव्या एरवी उचलत नाहीत. म्हणून नवी बिन मागतानाच "तोवर पिशव्या ठेवल्या तर चालतील का, की तुम्ही तुमच्या पिशव्या देता?" असं लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मला तिसऱ्या फोनवर होकार मिळाला, तोही मेलवर मागून घेतला. आणि पिशव्या रात्री बाहेर ठेवू नका. आमच्याकडे कोल्ह्याने एका रात्रीत डायपर गल्लीभर पसरले होते आणि मी पहाटे पाच वाजता हातमोजे घालून ते वेचत होते. शेजाऱ्यांच्या बिनमध्ये जागा असेल तर विचारून टाका, न विचारता कधीच नाही. गाडी असेल तर कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे स्वतः कचरा नेऊन टाकायच्या जागेवर, नेता येतं. बऱ्याच ठिकाणी आधी वेळ बुक करावी लागते आणि पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून कौन्सिल टॅक्सचं बिल फोनमध्ये ठेवा.

आता दुसरं दुखणं. बिन आहे, बाहेर ठेवली, पण उचललीच नाही. आधी गल्ली बघा. सगळ्यांच्याच बिन्स भरलेल्या असतील तर लॉरी आली नाही, किंवा वळणावर कुणाची गाडी उभी असल्याने आत शिरू शकली नाही. अशा वेळी बिन बाहेरच राहू द्या, बहुतेकदा एक-दोन दिवसांत परत येतात. बँक हॉलिडेच्या आठवड्यात वार पुढे सरकतो, ख्रिसमसला तर हमखास. फक्त तुमचीच राहिली असेल तर झाकणावर किंवा हँडलला चिठ्ठी आहे का बघा. रीसायकलिंगमध्ये चुकीचं काही सापडलं की ती चिठ्ठी लावतात. आमच्या घरांत नेहमी चुकतं ते तेलकट डबे आणि आमटीचे हात लागलेली फॉइल. डबा विसळून टाका.

चिठ्ठी नसेल तर लगेच नोंदवा. पुष्कळ कौन्सिल एक-दोन कामाच्या दिवसांचीच मुदत देतात. तिसऱ्या दिवशी फॉर्म उघडतच नाही. लॉरीतल्या माणसापुढे एक स्क्रीन असतो. बिन दिसली नाही की तो घरासमोर "बाहेर नव्हती" अशी नोंद करतो, आणि मग फोनवरची बाई तुम्हाला तेच वाचून दाखवते. आमच्याबाबतीत असं दोनदा झालं. बिन बाहेरच होती, पण शेजारच्या उंच व्हॅनच्या आड. तेव्हापासून कचऱ्याच्या दिवशी सकाळी बिन ठेवली की एक फोटो. त्यात घराचा नंबर, बिन आणि रस्ता एकत्र दिसायला हवेत. झाकण पूर्ण मिटलेलं, हँडल रस्त्याकडे, आणि कौन्सिलने दिलेल्या वेळेच्या आत, आमच्याकडे सकाळी सहा.

एवढं करूनही पुन्हा पुन्हा राहिलं तर मात्र "मिस्ड कलेक्शन"चा फॉर्म भरत बसू नका. तो फॉर्म म्हणजे फक्त लॉरी परत पाठवण्याची विनंती असते, तक्रार नव्हे. वेबसाइटवर तक्रारीचं पान वेगळं असतं, तिथे "फॉर्मल कंप्लेंट" असं स्पष्ट लिहून पाठवा. माझा मेल दहा ओळींचा होता. कोणकोणत्या तारखांना राहिलं, प्रत्येक वेळचा रेफरन्स नंबर, फोटो, घरात लहान मूल आणि वयस्क माणूस असल्याने होणारा त्रास, आणि शेवटी मला नेमकं काय हवंय ते: ४५ पौंड माफ करा, बिन अमुक तारखेपर्यंत द्या, पुढचे सहा आठवडे आमच्या घराकडे सुपरवायझरने लक्ष ठेवावं. राग खूप आला होता, पण मेलमध्ये तो येऊ दिला नाही. सोबत त्या प्लास्टिकच्या तुकड्याचा फोटो जोडला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. कॅमेरा तपासला, बिन लॉरीत पडली होती, पैसे लागणार नाहीत.

पहिल्या पायरीवर समाधान झालं नाही तर दुसऱ्या पायरीवर वरचा अधिकारी बघतो. याच वेळी तुमच्या वॉर्डच्या कौन्सिलरलाही मेल टाका, पोस्टकोड घातला की नाव मिळतं. आपल्याकडे नगरसेवकाला गाठतात तसंच. मतदार म्हणून लिहायला संकोच करू नका, भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांनाही मतदार यादीत नाव घालता येतं. कौन्सिलच्या दोन्ही पायऱ्या संपल्या की लोकल गव्हर्नमेंट ॲण्ड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. पैसे लागत नाहीत, पण त्रास कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि एखाद-दुसऱ्या चुकलेल्या फेरीसाठी ते प्रकरण हाती घेत नाहीत. सतत होत असलं पाहिजे.

एक गोष्ट कृपा करून करू नका. कचरा उचलत नाहीत म्हणून कौन्सिल टॅक्स थांबवू नका. आधी स्मरणपत्र, मग कोर्टाचं समन्स, वर खर्च, आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. आणि संपाच्या काळात वैयक्तिक तक्रारीचा फार उपयोग नसतो. बर्मिंगहॅममध्ये ११ मार्च २०२५ पासून पूर्ण संप झाला, महिनाअखेरीस रस्त्यांवर सुमारे १७,००० टन कचरा साचला होता. अशा वेळी टिपवर नेणं आणि ओला कचरा घट्ट बांधून ठेवणं एवढंच हाती असतं.

बिनवाल्यांशी मात्र कधीही भांडू नका. कराडला आमच्या आईला घंटागाडीवरच्या ताईंची नावं माहीत आहेत, उन्हाळ्यात ती त्यांच्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन उभी असते. इथे लॉरी मिनिटभर थांबते, बोलायला वेळ नसतो, पण हात केला तर तेही करतात. नवी बिन आल्यावर मी त्यांच्यातल्या एकाला व्हॅनच्या आड दिसत नाही असं सांगितलं, तेव्हा त्यानेच बिन दिव्याच्या खांबाजवळ ठेवायला सुचवलं. त्यानंतर एकदाही चुकली नाही.

नवी बिन आली की पहिल्याच दिवशी घराचा नंबर घाला. मी आधी स्टिकर लावले, ते एका हिवाळ्यात सुटले. त्या प्लास्टिकवर रंगही सहज धरत नाही. मग सँडपेपरने जागा खरवडली, स्पिरिटने पुसली आणि पांढऱ्या इनॅमलने वीतभर उंचीचा आकडा पुढे आणि झाकणावर काढला, तो अजून टिकून आहे. काठाजवळ कोरलेला सिरियल नंबर असेल तर त्याचाही फोटो ठेवा. खरकट्याचा छोटा डबा तर अजूनच सांभाळायचा. ३१ मार्च २०२६ पासून इंग्लंडात अन्नाचा कचरा दर आठवड्याला वेगळा उचलायचा नियम आहे, काही कौन्सिलना पुढची मुदत मिळाली आहे. हा डबा रिकामा झाला की वाऱ्याने गल्लीभर फिरतो. हँडल पुढे ओढलं की झाकण कुलूप लागल्यासारखं बसतं, आणि मेथीच्या काड्या, चहाचा चोथा कोल्ह्यापासून वाचतात. संध्याकाळी सगळ्या बिन्स आत घ्या. कामावरून उशीर होणार असेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

घरात बिन ओढू शकेल असं कुणीच नसेल, वय झालेलं असेल किंवा आजारपण असेल, तर "असिस्टेड कलेक्शन" मागा. बिनवाले दारापर्यंत येऊन नेतात आणि परत ठेवतात, त्याचे पैसे नसतात. आणि घर बदलताना बिन्स बरोबर नेऊ नका, त्या सहसा कौन्सिलच्या मालकीच्या असतात आणि त्या घराच्याच राहतात. नव्या घरात किल्ली हातात येईल त्याच दिवशी किती बिन्स आहेत ते मोजून फोटो काढा. भाड्याचं घर असेल तर त्या इन्व्हेंटरीत, म्हणजे घरातल्या सामानाच्या यादीत, लिहून घ्या.