जुन्या स्पोर्ट्स कारचं अलाइनमेंट: आधी टायर ठरवा, मग दोरी ताणा

जुन्या गाडीच्या मॅन्युअलमधले अलाइनमेंटचे, म्हणजे चाकं कोणत्या कोनात बसवायची याचे, आकडे त्या काळच्या टायरसाठी लिहिलेले असतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं मॅन्युअल पुढच्या चाकांना साधारण १ अंश पॉझिटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा बाहेर झुकलेला), ७ अंश कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) आणि १.६ ते २.४ मिमी टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा मागच्यांपेक्षा एकमेकींजवळ) सांगतं. १९६२ साली ही गाडी आली तेव्हा तिच्यावर क्रॉसप्लाय टायर (आतले धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे) असायचे. चाकाचा माथा किंचित बाहेर झुकवला की टायरचा रस्त्याला टेकणारा भाग किंगपिनच्या (चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या) रेषेजवळ येतो आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी हलकी वळते. रेडियलची (थर आडवे असलेल्या, आजच्या नेहमीच्या टायरची) साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मात्र मऊ. त्याच कॅम्बरवर गाडी वळणात टाकली की बाहेरचा खांदा दुमडून घासत राहतो. म्हणून आधी टायर नक्की करायचा आणि मग आकडे.

टायरवर नुसतं '१६५ आर १४' लिहिलेलं असेल, मधे दुसरा आकडा नसेल, तर साइडवॉलची उंची रुंदीच्या (इथे १६५ मिमी) ८० ते ८२ टक्के समजायची. ८० धरून हिशेब करू: १६५ ची ८० टक्के १३२, दोन्ही बाजू मिळून २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५६ मिमी. म्हणजे बाहेरचा व्यास ६२० मिमी. त्याजागी १८५/७० आर १४ घातला तर ६१५ येतो, एक टक्क्याच्या आत, चालतं. १८५/६० मात्र ५७८ वर उतरतो. स्पीडोमीटर आधीपेक्षा सात टक्के जास्त दाखवतो, त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं आणि आधीच जमिनीला टेकायला आलेला संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणखी २१ मिमी खाली येतो. नुसत्या दिसण्यासाठी लो प्रोफाइल टायर घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

रुंदीचा मोह त्याहून वाईट. साडेचार इंची रिमवर १९५ चा टायर चढतो, पण कडा आत दाबल्या जातात, साइडवॉल फुगते आणि वळताना गाडी एक क्षण उशिरा ऐकते. साडेचार ते पाच इंची रिमला १६५ ते १७५ उत्तम. पाच इंचीवर १८५/७० ही वरची मर्यादा माना. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून टायर मडगार्डला किंवा ब्रेक होजला लागत नाही ना, हे बसवायच्या आधी बघा.

रबराबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. मिशेलिन एक्सएएस, एक्सडब्ल्यूएक्स, पिरेली सिंटुराटो सीएन३६ हे टायर आजही जुन्या घडणीत बनतात. त्यांची पकड हळूहळू सुटते आणि हाताला आधी कळते. सस्पेन्शनही तशाच टायरसाठी आखलेलं असतं. अतिचिकट आधुनिक टायर स्टब अ‍ॅक्सल, हब आणि तारेच्या चाकाच्या स्पोकवर जास्त भार टाकतो. रोजच्या वापराला त्याच मापाचा साधा टूरिंग टायरही पुरतो. स्पीड रेटिंग गाडीच्या कमाल वेगाच्या वरचं हवं: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी. लोड इंडेक्स ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००.

या गाड्या फिरतात कमी, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. साइडवॉलवरच्या डॉट कोडचे (DOT) शेवटचे चार अंक बघा: '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचा. नक्षी कितीही खोल असो, काढून टाका. सहा वर्षांनंतर दरवर्षी साइडवॉलच्या भेगा तपासा, दहा वर्षांनंतर बदला. स्टेपनीलाही हेच लागू.

स्पोकची टोकं रिमच्या आत उघडी असतील, तर अशा तारेच्या चाकात ट्यूब हवीच. टायरच्या आत चिकटवलेला कागदी लेबलचा तुकडा आधी खरवडून काढा. तो राहिला तर ट्यूब तिथेच घासून पंक्चर होते आणि दोष विनाकारण खिळ्यावर जातो. क्रॉसप्लाय आणि रेडियल मिसळायची वेळ आलीच तर रेडियल मागे. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय असेल तर गाडीची शेपटी सुटते.

आता मापाकडे. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ आला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅकचे माउंट. रबरी बुश नवे बसवले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच आवळा. लोंबत्या चाकांवर आवळलेला बुश पिळलेला राहतो, गाडीची उंची बदलतो आणि लवकर फाटतो.

हवा बरोबर भरा, टाकी अर्धी ठेवा, ड्रायव्हरच्या सीटवर ७० ते ७५ किलो वजन ठेवा. जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजू नका. चाकं आत ओढलेली राहतात. ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या मागे स्विंग अ‍ॅक्सल (चाकासकट वर-खाली झुलणारा अर्धा अ‍ॅक्सल) असलेल्या गाडीत तर मागच्या चाकांचा कॅम्बर कित्येक अंश खोटा दिसतो. गाडी पाच-दहा मीटर मागे-पुढे ढकला, बंपर दाबून सोडा. चारही चाकांखालची जमीन पाणसळीने तपासा आणि २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पत्र्याचे तुकडे घाला. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन गुळगुळीत फरशा एकमेकींवर ठेवा, म्हणजे चाक मोकळं सरकतं.

दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर स्टँडला दोरी ताणा. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर आणि गाडीच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर हव्यात. इथे हमखास चूक होते: पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) मागच्यापेक्षा ६ मिमी अरुंद असेल, तर पुढच्या हबपासून दोरी ३ मिमी जास्त लांब असली पाहिजे. स्टिअरिंग बरोबर मध्यावर बांधून टाका. रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून मोजा, टायरची साइडवॉल नाही. पुढे १५२, मागे १५०.५ आलं तर त्या चाकाला १.५ मिमी टो-इन. रिम वाकडी असण्याची शंका असेल तर चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

कॅम्बरला ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं ओळंब्याच्या दोरीपासूनचं अंतर मोजा. कडांमध्ये ३८० मिमी असतील तर ६.६ मिमी फरक म्हणजे १ अंश. वरचं अंतर जास्त तर कॅम्बर निगेटिव्ह. कॅस्टरसाठी चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर मोजा, मग २० अंश आत वळवून. दोन्हींतला फरक गुणिले १.५ म्हणजे कॅस्टर.

बदलायचा क्रम: मागची चाकं, मग पुढचा कॅस्टर, मग कॅम्बर, शेवटी टो. उलट केलं तर कॅम्बरचा शिम (जुळवणीची पातळ पट्टी) बदलताच टो बिघडतो. मागे लाइव्ह अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल) असेल तर दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजा. फरक निघाला तर अ‍ॅक्सल तिरका बसलाय. स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि मधली पिन बघा.

पुढे इंजिन आणि मागे ड्राइव्ह असलेल्या गाडीला रेडियलवर सुरुवात अशी करा: पुढचा कॅम्बर शून्य ते अर्धा अंश निगेटिव्ह, कॅस्टर मॅन्युअलप्रमाणे आणि दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशाहून कमी फरक, टो-इन दोन्ही चाकं मिळून १ ते २ मिमी. एमजीबीसारख्या गाड्यांत मूळ रचनेत कॅम्बर फिरवायची सोयच नाही. तिथे आकडा फारच वेगळा आला तर बुश, किंगपिन किंवा वाकलेला विशबोन (सस्पेन्शनची दुहेरी भुजा) शोधा.

टाय रॉडचे लॉकनट सैल करून दोन्ही बाजू सारख्याच फिरवा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहील. १.५ मिमी पिचचा आटा आणि १३० मिमीचा स्टिअरिंग आर्म असेल तर एक पूर्ण फेरा एका चाकाचा टो चार मिमीहून जास्त हलवतो. म्हणून पाव फेरा फिरवा, गाडी ढकला, मोजा, पुन्हा पाव. लॉकनट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरा, आणि आवळून झाल्यावर माप परत घ्या. बहुतेक वेळा ते थोडं हललेलं असतं.

पाचशे किलोमीटरनंतर पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि परत येताना धार लागत असेल तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट. दोन्ही खांदे झिजले तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर अलाइनमेंटला हात न लावता शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि चाकांचं बॅलन्सिंग बघा.