पारा ४२ गेला की कूलरची जाहिरात आपोआप चालू: खान्देशातल्या दुकानांसाठी

जळगाव-भुसावळकडे एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतोच. त्यामुळे ‘३५ अंशांवर कूलरची जाहिरात’ हा पुण्यामुंबईला चालणारा नियम इथे लावला, तर जाहिरात मार्चपासून जूनपर्यंत बंदच होत नाही. इथे चालू करायला ४२ आणि बंद करायला ४० अंश ठेवा. एकच आकडा ठेवला तर पारा ४१.८ आणि ४२.१ मध्ये हलला की जाहिरातीची मोहीम रोज उघडझाप करते, आणि गूगलच्या स्वयंचलित बोलीची (प्रत्येक जाहिरातीसाठी किती पैसे मोजायचे ते गूगलने आपोआप ठरवण्याची) घडी बसत नाही.

साहित्य तीनच गोष्टींचं: गूगल अ‍ॅड्सचं खातं, एक गूगल शीट आणि हवामानाचा अंदाज देणाऱ्या ओपनवेदरमॅप या सेवेची एपीआय की, म्हणजे तिथून आकडे मागवायचा सांकेतिक परवाना. शीटमध्ये गाव, अक्षांश, रेखांश, मोहिमेचं नाव, चालू मर्यादा, बंद मर्यादा आणि ‘माल आहे का’ असे रकाने करा. जळगावसाठी २१.०१ आणि ७५.५७, धुळ्यासाठी २०.९० आणि ७४.७८. नंदुरबार जिल्हा एका आकड्यात बसवू नका. शहर तापलेलं असताना वर तोरणमाळला हवा थंड असते. मोहिमेचं नाव शीटमध्ये अक्षरशः तेच हवं. शेवटी एक मोकळी जागा राहिली तरी स्क्रिप्टला (हे काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) मोहीम सापडत नाही. परफॉर्मन्स मॅक्स (गूगलच्या सगळ्या जागांवर एकत्र जाहिरात दाखवणाऱ्या) मोहिमा तर साध्या मोहिमांच्या यादीत येतच नाहीत, त्या वेगळ्या मागवाव्या लागतात.

मग टूल्स, बल्क अ‍ॅक्शन्स, स्क्रिप्ट्स इथे जाऊन स्क्रिप्ट टाका. तिने प्रत्येक गावाचा पाच दिवसांचा अंदाज मागवायचा, शीटमधल्या मर्यादेशी ताडून पाहायचा आणि मोहीम चालू किंवा बंद करायची. रोज पहाटे एकदा चालवली की उन्हाच्या मालाला पुरे.

चुका बहुतेक आकडे वाचताना होतात. एकक ‘मेट्रिक’ मागितलं नाही तर तापमान केल्विनमध्ये येतं. तिथे ४२ अंश म्हणजे ३१५, आणि डिसेंबरची थंडगार पहाटसुद्धा २८० च्या वर, म्हणून ‘४२ पेक्षा जास्त’ ही अट बारा महिने खरी ठरते. वेळही ग्रीनिचची असते. अंदाज तीन-तीन तासांचा येतो. त्यातली ९ वाजताची नोंद म्हणजे आपल्याकडची दुपारची अडीच. कूलरसाठी तीच पाहा. पाऊस नसेल तेव्हा पावसाचा रकानाच येत नाही. तो नसेल तर शून्य धरा, नाहीतर स्क्रिप्ट तिथेच अडकते.

कूलरला दुसरी अट आर्द्रतेची. हवा दमट झाली की ताट्यांमधलं पाणी वाफ होत नाही आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दिसली, तर पारा काहीही असो, मोहीम थांबवा. त्या दिवसांत विकलेला कूलर तक्रार घेऊन परत येतो.

ताडपत्रीचं गणित अगदी वेगळं. कापूस वेचणीला आला आहे, मका खळ्यावर पडला आहे आणि उद्या पाऊस आहे; अशा वेळी कुरिअरने चार दिवसांनी पोचणारी ताडपत्री काय कामाची? म्हणून किती दिवस पुढचा अंदाज पाहायचा ते माल पोचायच्या दिवसांवर ठरवा. दुकानातून त्याच दिवशी देत असाल तर उद्याचा अंदाज पाहा, पार्सल जात असेल तर चौथ्या-पाचव्या दिवसाचा. लांबचा अंदाज जास्त चुकतो, म्हणून तिथे पावसाची शक्यता ७० टक्के आणि दिवसभराची बेरीज १५ मिलिमीटर, अशा दोन्ही अटी ठेवा. २.५ मिलिमीटरच्या भुरभुरीला कुणी ताडपत्री घेत नाही.

जाहिराती हंगामाच्या दोन आठवडे आधीच मंजूर करून ठेवा. तपासणीला साधारण एक कामकाजाचा दिवस लागतो, आणि ऐन लाटेत तो परवडत नाही. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘त्या भागात असलेले लोक’ एवढंच निवडा. पुण्यात राहून गावच्या घरी कूलर पाठवणाऱ्या मुलांसाठी वेगळी मोहीम काढा आणि तिलाही जळगावचाच पारा लावा.

अंदाज आलाच नाही तर स्क्रिप्टने काहीही बदलू नये, फक्त ईमेल पाठवावा. माल संपला म्हणून तुम्ही हाताने थांबवलेली मोहीम ती पहाटे पुन्हा चालू करेल, म्हणून ‘माल आहे का’ हा रकाना तिने सगळ्यात आधी वाचला पाहिजे. वेळापत्रक लावण्याआधी प्रीव्ह्यू (खरा बदल न करणारी चाचणी) चालवून कोणत्या मोहिमेत काय बदल होणार ते लॉगमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदीत, ओळीने वाचा.