ओटा फोडला, आता सयपाक कुठं करायचा?

आमच्या घरी मागच्या फेब्रुवारीत सयपाकघराचं काम काढलं, जुना कडप्प्याचा ओटा फोडून ग्रॅनाइट टाकायचा न भिंतीला टाइल्स लावायच्या एवढंच होतं, मिस्त्री म्हणे आठ दिवस, लागले सत्तावीस. तेवढ्या दिवसात घरचे पाच जण, वरून कामावरचे तीन माणसं न त्यांचा दिवसातून तीनदा चहा, हे सगळं ओसरीतून निभावलं. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे काम कधी काढायचं. पावसाळ्यात काढू नका, ओसरीत झड येते. सोयाबीन निघायच्या वेळेस मजूरच भेटत नाही, न मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा ४५ ला जातो, तेव्हा बाहेर चुलीपुढं बसून दाखवा. तूर घरात आली की मधले एक-दीड महिने बरे, चुलीला तुराट्याही, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, आयत्या भेटतात.

आता सगळ्यांना चिंता असते गॅस कुठं ठेवायचा याची. माझं म्हणणं उलटं आहे. गॅस कुठंही मांडता येतो, भांडे कुठं घासायचे ते आधी ठरवा. मी ते ठरवलंच नाही. सिंक काढल्यावर पहिल्या दिवशी न्हाणीत भांडे नेले तं तिथं आधीच मिस्त्रीचे घमेले न थापी धुवून ठेवलेली, सिमेंटचं पाणी नळीत जाऊन बसलं न नळी जाम. मग आंगणात सिताफळाच्या झाडाजवळ दोन फरश्या टाकल्या, पाण्याचे तीन टब मांडले, पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात घासायचं, तिसऱ्यात विसळायचं, पाणी झाडाला. मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की त्याची घमेली धुवायची जागा वेगळी, न सिमेंटचं पाणी नळीत सोडायचं नाही.

सामान बांधताना सगळंच पोत्यात भरू नका. तवा, परात, लहान कुकर, एक कढई, दोन गंज (पातेले), पळी, उलथनं, सांडशी, तिखटमिठाचा डबा, एवढं एका टोपल्यात बाजूला काढा, महिना निघतो. मिक्सर बांधायच्या आधी जवसाची चटणी न फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) चटणी करून बरणीत भरून ठेवा. भाजी नसली तरी भाकरीसंग काहीतरी पानात पडतं.

धुळीचं मात्र मनावर घ्या. टाइल्स कापायची मशीन आंगणात चालू होती न मी ओसरीत ज्वारीचं पीठ मळत होते, वारा आपल्याकडे आहे हे ध्यानातच आलं नाही. भाकर भाजून झाली, सासूबाईंनी पहिला घास तोंडात घेतला न दातात कचकच. काही बोलल्या नाहीत, भाकर गाईला टाकली न उठल्या. तेव्हापासून सकाळी मिस्त्री यायच्या आत दोन्ही वेळच्या भाकरी न भाजी करून मोकळं व्हायचं ठरवलं, वरणभात तेवढा संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर. सकाळचा भात रात्रीपर्यंत बाहेर ठेवू नका, शिजलेला भात उन्हाळ्याच्या तोंडावर लवकर बिघडतो न परत गरम केला तरी पोट बिघडू शकते.

गॅस ओसरीत मांडला तं सिलिंडर उभाच ठेवा न शेगडी त्याच्यापेक्षा उंच, आम्ही जुन्या टेबलावर मांडली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो, म्हणून खड्ड्यात किंवा बंद कोठीत सिलिंडर ठेवायचा नाही, न चूल पेटवायची तं त्याच्यापासून चांगली दूर, आंगणाच्या दुसऱ्या टोकाला. वाऱ्यानं शेगडी विझते, बाजूनं पत्रा उभा करा पण चारही बाजूनं कोंडू नका.

इंडक्शन घेऊ का म्हणून बहिणीनं विचारलं होतं. २००० वॅटची शेगडी पूर्ण जोरात चालली की जवळपास ९ अँपियर ओढते, आपला लहान प्लग ६ अँपियरचा, तो काळा पडतो. मोठा १६ अँपियरचा प्लग असेल तरच घ्या, बारक्या वायरचा बोर्ड लांबवू नका. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तं ते भांडं चालते, ॲल्युमिनियमचा गंज चालत नाही. न लाइन गेली की बसा.

म्हणून चूल लागतेच. तुराट्या लवकर पेटतात न लवकर विझतात, चहाला न बेसनाला ठीक, भाकरीला बाभळीचं लाकूड न रोडग्याला, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या जाड गोळ्यांना, गोवऱ्या. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, त्याही जळतात पण त्यांचा ढीग घरापाशी रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात लपून राहते न पुढच्या कपाशीवर येते. जुन्या कपाटाचे प्लायचे दरवाजे, रंगाच्या फळ्या अजिबात जाळायच्या नाहीत, तो धूर विषारी असतो, आमच्याकडे एक मजूर तेच घालायला निघाला होता. गंजाच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा न राखेचा लेप द्या, काजळी लेपासंगच निघते, माह्या आजीची युक्ती आहे.

खायचं काय म्हणाल तं साधंच. बेसन-भाकर, निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीत वरून सांबार (कोथिंबीर) कापून, आलूचा रस्सा, रविवारी रोडगे न वरण. तुरीची डाळ तासभर भिजवली, कुकरची एक-दोन शिट्टी केली न आगीपासून दूर नेऊन गोधडीत गुंडाळून ठेवली की अर्ध्या-पाऊण तासात आपोआप शिजते, सरपण वाचते. झाकण वाफ पूर्ण उतरल्यावरच काढा.

ओटा तयार दिसला म्हणून लगेच गॅस उचलून आत नेऊ नका, सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारावं लागते, न टाइल्सच्या फरशीवर पहिले चोवीस तास पाय द्यायचा नाही. सामान आत नेताना बांधून ठेवलेलं भांडंही एकदा धुवून घ्या. न चूल लगेच मोडू नका, आमच्या सिंकपाशी एक टाइल आठव्या दिवशी पोकळ वाजली न मिस्त्री दोन दिवसांसाठी परत आला.